परदेशी बाजारात संघटनेचं बोट धरून कसं शिरायचं: बेळगाव-निपाणी-खानापूर पट्ट्यातल्या लहान कारखान्यांसाठी

"अण्णा, सभासद होऊन वर्ष झालं की. एकबी इन्क्वायरी आली नाही."

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एका मशीन शॉपच्या मालकाने मला हे सांगितलं तेव्हा त्याच्या खुर्चीमागे सभासदत्वाचं प्रमाणपत्र चौकटीत लावलेलं होतं. मी विचारलं, "वर्षभरात तुम्ही त्यांना काय काय विचारलंत?" तो गप्प झाला, मग म्हणाला, "विचारायचं काय असतं?"

हा लेख त्या प्रश्नासाठी आहे. ऑर्डर आणून देणं हे व्यापारी संघटनेचं काम नाही. ती खात्रीची नावं देते, तिथले नियम समजावते आणि अनोळखी दारात आपली ओळख सांगते. ही तीन कामं करून घेणं आपल्यावर असतं आणि ती ठरावीक क्रमानेच होतात. आपल्याकडे बहुतेक जण क्रम उलटा धरतात, म्हणजे आधी परदेशातला मेळा, मग सभासदत्व आणि शेवटी कागदपत्रं. मग पैसे जातात आणि "निर्यात आपल्याला जमत नाही" असं मनात बसतं.

उदाहरण म्हणून जर्मनीला जाणारं पंपाचं कास्टिंग (ओतीव भाग) घेतलं आहे, कारण आपल्याकडे फौंड्री आणि मशीन शॉप जास्त. खानापूरचा काजू किंवा अथणीची चप्पल असली तरी क्रम हाच राहतो, निर्यात परिषद तेवढी बदलते.

## आधी ओळख: कोणती संघटना कशासाठी

सगळ्यांना सरसकट "असोसिएशन" म्हटल्यामुळे गोंधळ होतो. चार वेगवेगळी घरं आहेत.

पहिलं घर गावातलं: बेळगाव चेंबर ऑफ कॉमर्स अँड इंडस्ट्रीज, बेळगाव फौंड्री क्लस्टर, इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन फौंड्रीमेनची शाखा. आधी जाऊन आलेली माणसं इथे भेटतात.

दुसरं घर निर्यात परिषदेचं. इंजिनिअरिंग मालासाठी ईईपीसी इंडिया (१९५५ पासून), चामड्याच्या मालासाठी कौन्सिल फॉर लेदर एक्सपोर्ट्स, प्रक्रिया केलेल्या शेतमालासाठी अपेडा. नोंदणी, मेळ्यातलं भारतीय दालन आणि सरकारी मदत हे विषय इथले.

तिसरं घर दोन देशांमधलं चेंबर. जर्मनीसाठी इंडो-जर्मन चेंबर ऑफ कॉमर्स: १९५६ साली सुरू झालं, मुख्यालय मुंबईत, कार्यालयं पुण्यात आणि बंगळूरलाही आहेत. खरेदीदार शोधून देण्याची सेवा इथे शुल्क घेऊन मिळते.

चौथं घर त्या देशातल्या उद्योगाची स्वतःची संघटना. जर्मन यंत्रउद्योगाची व्हीडीएमए ही अशी संघटना, पंपांसाठी आणि हायड्रॉलिक्ससाठी तिचे वेगळे विभाग आहेत. ती आपल्यासाठी नाही, तिच्या सभासदांसाठी काम करते. आपले होऊ घातलेले खरेदीदार त्याच सभासदांत असतात, म्हणून तिची भाषा समजून घ्यायची.

इशारा: तिसऱ्या घरचं काम दुसऱ्या घरात मागू नका. निर्यात परिषदेला "आम्हाला जर्मनीतला एक खरेदीदार द्या" असं पत्र धाडलं की उत्तरादाखल छापील माहितीपत्रक येतं. चूक त्यांची नसते.

## १. सगळ्या कागदांवर एकच नाव, एकच पत्ता

ही पायरी कंटाळवाणी वाटते, पण आपल्या भागात सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो.

२०१४ च्या नोव्हेंबरात शहराचं अधिकृत इंग्रजी नाव बदललं. जुन्या कारखान्यांचे निम्मे कागद 'बेळगाव'च्या स्पेलिंगचे, निम्मे 'बेळगावी'च्या. जीएसटीवर एक, आयएसओ प्रमाणपत्रावर दुसरं, बँकेत तिसरंच काहीतरी. भर म्हणून कुठे 'उद्यमबाग' एका शब्दात, कुठे दोन. आपल्याला ते एकच गाव आहे. जर्मनीत पुरवठादार तपासणाऱ्या बाईंना मात्र त्या दोन वेगळ्या कंपन्या वाटू शकतात, आणि लेटर ऑफ क्रेडिट (पैसे देण्याची बँकेची हमी) असेल तर बँक अक्षरन्‌अक्षर ताडून पाहते.

म्हणून सगळे कागद टेबलावर ओळीने मांडा: पॅन, जीएसटी, उद्यम नोंदणी, आयईसी (आयात-निर्यातदाराचा कोड), बँकेचं पत्र, आयएसओ ९००१. नाव आणि पत्ता एका कोऱ्या कागदावर ठरवा आणि बाकी सगळे त्याप्रमाणे दुरुस्त करून घ्या. हे झाल्याशिवाय कुठल्याही संघटनेचा अर्ज भरू नका, कारण त्या अर्जातला पत्ता पुढे पाच वर्षं सोबत राहतो.

तपासा:
- आयईसी दर वर्षी एप्रिल ते जून या काळात ऑनलाइन अद्ययावत करावा लागतो, काही बदल नसला तरीही. राहिला तर तो निष्क्रिय होतो आणि ते माल बंदरात पोचल्यावर कळतं.
- जीएसटी न भरता निर्यात करायची असेल तर एलयूटी हे हमीपत्र दर आर्थिक वर्षी नव्याने भरावं लागतं.
- माल ज्या बंदरातून जाणार (आपल्याकडून बहुधा न्हावा शेवा) तिथे बँकेचा एडी कोड (परकीय चलन हाताळणाऱ्या शाखेचा क्रमांक) नोंदलेला हवा.

## २. एक माल, एक देश, एक कोड

"आम्ही सगळं करतो" हे वाक्य वहीतून खोडून टाका. कोणतीही संघटना 'सगळं' शोधून देऊ शकत नाही.

एकच वस्तू निवडा, जी तुम्ही गेली दोन-तीन वर्षं रिजेक्शन कमी ठेवून बनवता आहात. मग तिचा एचएस कोड (मालाच्या वर्गवारीचा आंतरराष्ट्रीय आकडा) नक्की करा. इथे घाई नको. लोखंडी कास्टिंग म्हटलं की सगळे ७३२५ लिहून मोकळे होतात. पण ते मशीन होऊन पंपाचाच भाग म्हणून ओळखू येत असेल तर ते ८४१३ मधल्या पंपाच्या सुट्या भागांत जाऊ शकतं. पाइप फिटिंग असेल तर ७३०७. ड्रॉइंग आणि फोटो घेऊन कस्टम्स ब्रोकरकडे बसा आणि त्यांचं मत लेखी घ्या. कोडावर आयात शुल्क अवलंबून असतं, संघटनेकडून मिळणारी आयातदारांची यादी अवलंबून असते आणि सातव्या पायरीत येणारा कार्बनचा प्रश्नही याच आकड्याशी बांधलेला आहे.

देश निवडतानाही एकच धरा. जर्मनी, दुबई आणि आफ्रिका एकाच वर्षात हाताळायला माणसं लागतात, आणि ती आपल्याकडे नसतात. मोठ्या मागणीच्या मागे पळण्यापेक्षा जिथल्या मानकांत तुमचा माल आजच बसतो तो देश आधी घ्या.

## ३. दोन पानांची माहिती

संघटना तुमची ओळख करून देते तेव्हा प्रत्यक्षात पुढे जातात ती ही दोन पानं. त्यामुळे सगळ्यात जास्त वेळ इथे घाला. रंगीत ब्रोशर, संस्थापकांचा फोटो, "दर्जा हाच आमचा धर्म" यातलं काही नको. खरेदी विभागातला माणूस पुढचं शोधतो:

- वजनाची आणि मापाची मर्यादा: उदाहरणार्थ ३ ते ४० किलो, जास्तीत जास्त अमुक मिलिमीटर.
- धातूचा ग्रेड, त्यांच्या (युरोपच्या ईएन) मानकात: ईएन-जीजेएल-२५० किंवा ईएन-जीजेएस-४००-१५.
- महिन्याची एकूण क्षमता आणि त्यातली मोकळी किती.
- मोल्डिंगची पद्धत, भट्टीचा प्रकार, मशीनिंग आत होतं की बाहेर.
- मोजमापाची साधनं: स्पेक्ट्रोमीटर, टेन्साइल, हार्डनेस, सीएमएम (मापं घेणारं यंत्र). ज्या चाचण्या बाहेर करून घेता त्या कोणत्या प्रयोगशाळेत, तिला एनएबीएल मान्यता (प्रयोगशाळांची राष्ट्रीय मान्यता) आहे का.
- तीन-चार सुट्या भागांचे स्वच्छ फोटो, पांढऱ्या कागदावर, बाजूला स्टीलची पट्टी ठेवून.

नेहमीची चूक: आपला आयएस २१० मधला एफजी २६० म्हणजेच जीजेएल-२५० असं गृहीत धरणं. दोन्ही जवळचे आहेत, पण प्रमाणपत्रावर त्यांच्या मानकाचा ग्रेड आणि त्याच मानकाप्रमाणे घेतलेली चाचणी लागते.

दुसरी चूक: ईएन १०२०४ प्रकार ३.१ चं तपासणी-प्रमाणपत्र "देतो की" म्हणून सांगणं. त्यावर सही करणारा माणूस उत्पादन विभागापासून स्वतंत्र असावा लागतो. भट्टीवर उभा राहणारा सुपरवायझरच संध्याकाळी सही करत असेल तर ते ३.१ होत नाही. आधी तपासणीचा माणूस वेगळा नेमा, मगच हा शब्द पानावर लिहा.

## ४. गावातल्या घरापासून सुरुवात

आता चेंबरमध्ये किंवा क्लस्टरमध्ये जा. जाताना दोन पानं आणि एक प्रश्न हातात असू द्या: "जर्मनीला माल पाठवलेले दोन सभासद मला भेटवाल का?" एवढंच. आपल्या गावात माणसं सांगायला कचरत नाहीत. कोणता फॉरवर्डर (माल परदेशी पोचवण्याची व्यवस्था करणारा) वेळ पाळतो, कोणती बँक निर्यातीचे कागद नीट हाताळते, हे चहाच्या दोन कपांत कळतं आणि ते कुठल्याही पुस्तिकेत छापलेलं नसतं.

सीमाभागाची एक गोष्ट इथेच सांगतो. भाषेमुळे आपला ओढा कोल्हापूर आणि पुण्याकडे असतो. तिथल्या कार्यशाळांना जरूर जा, पुण्याच्या मराठा चेंबरमध्ये निर्यातीवर चांगलं शिकायला मिळतं. पण कारखाना कर्नाटकात आहे. राज्याची मदत, मेळ्यासाठीचं अर्थसाहाय्य, उद्योग खात्याची पत्रं, सगळं जिल्हा उद्योग केंद्र आणि बंगळूरच्या विश्वेश्वरय्या ट्रेड प्रमोशन सेंटरमार्फत येतं. तिथली परिपत्रकं कन्नडमध्ये असतात. ऑफिसात कन्नड नीट वाचणारं एक माणूस ठेवा आणि महिन्यातून एकदा उद्योग केंद्रात चक्कर मारायला लावा. ज्ञान पुण्याहून आणि मदत बंगळूरहून, हे दोन्ही चालू ठेवायचं.

## ५. निर्यात परिषदेत नोंदणी

ही पायरी सोपी आहे. डीजीएफटीच्या (परकीय व्यापार महासंचालनालयाच्या) पोर्टलवरून आरसीएमसीसाठी, म्हणजे परिषदेच्या नोंदणी-सभासदत्व प्रमाणपत्रासाठी, अर्ज करायचा. मुख्य माल कोणता लिहिता त्यावर परिषद ठरते. आरसीएमसी नसली म्हणून निर्यात अडत नाही, पण परकीय व्यापार धोरणातल्या सवलती आणि मेळ्यातली मदत अडते.

नोंदणी झाल्या दिवशीच तीन गोष्टी करा. परिषदेच्या वर्षभराच्या कार्यक्रमाचं वेळापत्रक मागवून घ्या. भारतातच होणाऱ्या रिव्हर्स बायर-सेलर मीटच्या तारखा त्यातून वेगळ्या काढा, कारण तिथे खरेदीदार आपल्याकडे येतो आणि विमानाचा खर्च वाचतो. आणि मेळ्याच्या मदतीचे नियम लेखी घ्या.

इशारा: मदत नंतर परत मिळते, खर्च आधी खिशातून होतो, आणि दावा ठरलेल्या मुदतीत गेला नाही तर मिळत नाही. बोर्डिंग पास फेकू नका. योजनांची नावं आणि रकमा बदलत राहतात, म्हणून गेल्या वर्षी शेजाऱ्याला किती मिळाले त्यावर स्वतःचं बजेट बांधू नका.

## ६. द्विपक्षीय चेंबरकडे नेमका प्रश्न

मघाच्या मशीन शॉपवाल्याची गाडी इथेच अडली होती. त्याने पाठवलेलं एकमेव पत्र असं होतं: "आम्ही सर्व प्रकारची कास्टिंग व मशीनिंग उत्तम दर्जात व माफक दरात करतो. कृपया खरेदीदार कळवावेत."

आम्ही दोघांनी बसून ते असं केलं: "आम्ही ३ ते ४० किलो वजनाची ग्रे आयर्न पंप-केसिंग ओततो आणि मशीन करतो, ग्रेड ईएन-जीजेएल-२५०. महिन्याला १५ टन क्षमता मोकळी आहे. पाण्याचे पंप बनवणाऱ्या, ५० ते ३०० कामगार असलेल्या आणि कास्टिंग बाहेरून घेणाऱ्या जर्मन कंपन्यांपैकी दहा ते बारा नावं हवी आहेत. प्रत्येकी खरेदी विभागातल्या माणसाचं नाव आणि त्यांना आमची दोन पानं पाहण्यात रस आहे की नाही याचं उत्तर हवं. या सेवेचं शुल्क, कालावधी आणि 'नाही' आल्यास कारण कळवाल का, हे सांगावं."

दुसऱ्या पत्रावर काम करता येतं. कंपनीचा आकार लिहिला आहे, कारण हजारो कामगारांची कंपनी १५ टनांच्या पुरवठादाराकडे वळून बघणार नाही. आणि शेवटचं वाक्य सगळ्यात मोलाचं. 'नाही' का आलं ते कळलं तर पुढचं पत्र सुधारतं. कधी कारण दर असतो, कधी पॅटर्न (साचा करायचा नमुना) हलवायचा खर्च, कधी फक्त एवढंच की त्यांचा आधीचा पुरवठादार चांगला आहे.

तपासा, पैसे भरण्याआधी:
- सेवेत फक्त पत्त्यांची यादी आहे की फोन करून विचारणंही आहे? किमतीत आणि उपयोगात दोन्हींत मोठा फरक असतो.
- संपर्क इंग्रजीत होणार की जर्मनमध्ये? मध्यम कंपन्यांत जर्मन फोनला जास्त उत्तर मिळतं.
- खरेदीदाराचा पत-अहवाल मिळतो का? तो घ्याच. ऑर्डर मोठी असेल तर ईसीजीसी या सरकारी कंपनीचा, निर्यातीचे पैसे बुडण्यावरचा विमाही विचारा.

नेहमीची चूक: यादी मिळाली की त्याच दिवशी सगळ्यांना एकच मेल पाठवणं. आठवड्याला दोन कंपन्या घ्या. त्यांची वेबसाइट वाचा, त्यांच्या कोणत्या पंपाचं केसिंग तुमच्या मर्यादेत बसतं ते पाहा आणि पहिल्या ओळीत तेच लिहा.

## ७. तिथले नियम: कार्बनचा हिशेब

व्हीडीएमएसारख्या संघटना सभासदांना जे नियम समजावतात तेच आपल्याला खरेदीदाराकडून प्रश्न बनून येतात. सध्याचा मोठा प्रश्न युरोपच्या सीबीएएमचा, म्हणजे आयात मालावरच्या कार्बन आकाराचा. १ ऑक्टोबर २०२३ पासून नुसता अहवाल द्यायचा होता. १ जानेवारी २०२६ पासून प्रत्यक्ष पैशांची जबाबदारी सुरू झाली आहे.

आता दुसऱ्या पायरीतला कोड कामाला येतो. ७३०७ मधली पाइप फिटिंग आणि ७३२६ मधल्या लोखंडी वस्तू मूळ यादीत आहेत, ८४१३ मधले पंपाचे भाग त्यात नव्हते. यादी बदलू शकते, म्हणून प्रत्येक ऑफरच्या वेळी ताजी यादी चेंबरकडून मागवा.

नेहमीची चूक: "५० टनांखाली सूट आहे, आपण वर्षाला २० टनच पाठवतो." ती मर्यादा आयातदाराच्या वर्षभरातल्या अशा सगळ्या मालाच्या बेरजेवर मोजतात, आपल्या एकट्याच्या मालावर नाही. कोड यादीत असेल तर आयातदार उत्सर्जनाचे आकडे मागणारच. ते दिले नाहीत तर ठरवून दिलेले सरासरी आकडे लागतात आणि ते सहसा आपल्या अंगावर येतात. भंगार, पिग आयर्न, कोक किंवा डिझेल, वीज यांच्या महिन्याच्या नोंदी आजपासून एका वहीत वेगळ्या ठेवा.

## ८. मेळ्याला आधी पाहुणा म्हणून जा

पहिल्याच वर्षी स्टॉल घेऊ नका. तिकीट काढून फिरा, दोन पानं आणि चार नमुने पिशवीत ठेवा.

मेळा निवडताना एक फसगत वारंवार होते. फौंड्रीवाले ड्युसेलडॉर्फच्या गिफाला जातात. तिथे फौंड्रीची यंत्रं विकतात, कास्टिंग विकत घेणारे तिथे कमी. कास्टिंगसाठी त्याच आवारात, त्याच दिवसांत न्यूकास्ट भरतो. हे मेळे दर चार वर्षांनी येतात, गेले २०२३ ला झाले, पुढचे २०२७ ला. हॅनोव्हरचा मेळा दर वर्षी वसंतात असतो आणि ईईपीसी तिथे भारतीय दालन लावत आली आहे. दालनात परिषदेच्या माणसांना भेटा, पण दिवस तिथे घालवू नका. पंप बनवणाऱ्यांच्या स्टॉलवर दुपारनंतर, गर्दी ओसरल्यावर जा आणि विक्रीच्या माणसाला एवढंच विचारा, "कास्टिंगची खरेदी कोण बघतं?"

भेटींच्या वेळा किमान दीड-दोन महिने आधी घ्या. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. मेळ्याचं तिकीट आणि भेटीची पत्रं अर्जाला जोडा.

इशारा: संघटनेच्या बैठकीत किंवा जेवणाच्या टेबलावर "दुसरा पुरवठादार काय दर देतो?" असं विचारू नका. तिथले स्पर्धा कायदे कडक आहेत. आपल्याला तो साधा प्रश्न वाटतो, समोरचा उठून जातो.

## ९. एजंट नेमताना

मेळ्यात एखादा तरी भला माणूस "मी तुमचा एजंट होतो" म्हणतो. लगेच सही करू नका. जर्मन व्यापारी संहितेच्या कलम ८९बी प्रमाणे करार संपवताना एजंटला भरपाई मागता येते. तिची कमाल मर्यादा मागच्या पाच वर्षांच्या सरासरीने एका वर्षाचं कमिशन इतकी आहे, आणि हा हक्क आधीच लिहून काढून टाकता येत नाही. इंटरनेटवरून उतरवलेल्या नमुन्यात हे कुठे नसतं. मसुदा चेंबरच्या कायदा विभागाकडे किंवा त्यांनी सुचवलेल्या वकिलाकडे दाखवा. संपूर्ण जर्मनीचा एकाधिकार पहिल्या वर्षी कुणालाच देऊ नका. चार-पाच कंपन्यांची नावं लिहून त्यांच्यापुरताच करार करा.

## १०. नमुना आणि त्यानंतरचे महिने

नमुन्याबरोबर मापांचा अहवाल, ३.१ प्रमाणपत्र आणि हीट नंबर (त्या वेळच्या वितळणीचा क्रमांक) जायला हवा, आणि तोच हीट नंबर कास्टिंगवर उठावात दिसायला हवा. पॅटर्न कुणाच्या मालकीचा, दुरुस्तीचा खर्च कुणाचा, हे नमुन्याच्या टप्प्यावरच मेलवर ठरवून टाका.

पॅकिंगकडे लक्ष द्या. माझा पहिला नमुना मापात अचूक होता, गंज लागू नये म्हणून नीट गुंडाळलेला होता, पण खालची लाकडी पॅलेट गावातल्या वखारीतून आणलेली. तिच्यावर आयएसपीएम-१५ चा (लाकडी पॅकिंगच्या आंतरराष्ट्रीय मानकाचा) उष्णता-प्रक्रियेचा शिक्का नव्हता. माल अडला, पॅलेट बदलायचा खर्च माझ्यावर आला आणि खरेदीदाराची चाचणीची तारीख हुकली. आता ट्रकमध्ये चढवण्याआधी मी स्वतः खाली वाकून शिक्का बघतो आणि मोबाइलवर त्याचा फोटो काढतो.

मग पाठपुरावा. एका वहीत पाच रकाने आखा: संघटना, काय विचारलं, कोणत्या तारखेला, काय उत्तर आलं, पुढे काय करायचं. नमुन्यानंतर तीन आठवड्यांनी पहिला फोन, मग महिन्याला एक. नव्या पुरवठादाराला मान्यता द्यायला तिकडे सहज वर्ष जातं, त्यामुळे तीन महिन्यांत उत्तर नाही म्हणून नाव खोडू नका. ज्या कंपनीने नमुना घेतला किंवा नाकारला त्याची दोन ओळींची माहिती चेंबरमधल्या माणसालाही कळवा. पुढची नावं तो जास्त नेमकी काढून देतो.

सभासदत्वाच्या नूतनीकरणाचा चेक लिहिण्याआधी ही वही उघडा. ज्या संघटनेपुढे वर्षभरात एकही नोंद नसेल, तिच्या कार्यालयात ते पान घेऊन जा, दोन पानांची माहिती टेबलावर ठेवा आणि सहाव्या पायरीतल्या पत्रासारखा एक प्रश्न लिहून द्या. उत्तर किती दिवसांत येतं ते बघूनच चेक लिहा.